रक्तगट बघून ताट वाढायचं का? (ओ, ए, बी, एबीच्या याद्या आणि त्यामागचं शास्त्र)

मोजूनमापून (धागाकर्ती)

रक्तगटानुसार आहाराच्या याद्या सतत फिरत असतात आणि त्यातल्या बऱ्याच अर्धवट असतात. कुणी मधल्या ओळी गाळलेल्या, कुणी पदरच्या घातलेल्या. म्हणून मूळ मांडणी आधी एका जागी देते.

ती लोकप्रिय केली अमेरिकेतले निसर्गोपचारक पीटर डी'अ‍ॅडॅमो यांनी, १९९६ सालच्या पुस्तकातून. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक रक्तगट मानवी इतिहासाच्या वेगळ्या टप्प्यावर आला, त्या काळचं अन्न त्या गटाला मानवतं, आणि न मानवणाऱ्या अन्नातली लेक्टिन नावाची प्रथिनं त्या गटाच्या पेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतात.

ओ = शिकारी. मांस, मासे, भाज्या भरपूर. गहू, मका, दूध, राजमा, मसूर बंद. व्यायाम दमवणारा.
ए = शेतकरी. जवळजवळ शाकाहार, सोयाबीन, धान्यं, भाज्या. मांस आणि दूध बंद. व्यायाम शांत: योगासनं, ताई-ची.
बी = भटका पशुपालक. दूध चालतं, मेंढीचं मांस चालतं. कोंबडी, मका, गहू, मसूर, शेंगदाणे, तीळ नको. पोहणं, टेनिस, डोंगर चढणं.
एबी = मिश्र. मासे, टोफू, दुधाचे पदार्थ. खारवलेलं-धुरावलेलं मांस, कॅफीन आणि मद्य टाळायचं.

'मला फरक पडला' किंवा 'मला काहीच फरक पडला नाही' असे प्रतिसाद कृपया नकोत. का पडत असावा किंवा का पडत नसावा, ते माहीत असलेल्यांनी लिहा.

---

तांबडी पेशी

रक्तगट म्हणजे नक्की काय, इथून सुरुवात करावी लागेल, नाहीतर पुढचं सगळं हवेत.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला एच हा पायाभूत प्रतिजन (अँटिजेन, म्हणजे पेशीची ओळखखूण) असतो. ए गटाच्या माणसात एक विकर (एन्झाइम) तिथे एन-अ‍ॅसिटाइल-गॅलॅक्टोसामाइन ही साखर जोडतं, बी गटात गॅलॅक्टोज जोडली जाते. एबीत दोन्ही. ओ गटात हे विकर चालतच नाही, म्हणून एच उघडा राहतो. हे जनुक ९व्या गुणसूत्रावर आहे. ए आणि बी विकरांत फरक आहे तो कळीच्या चार अमिनो आम्लांचा, आणि ओ बहुतेक वेळा जनुकातलं एक अक्षर गळाल्यामुळे तयार होतो. एवढ्याशा फरकावर अख्खी जेवणाची यादी उभी आहे.

आता 'ओ सगळ्यांत जुना' हा दावा. ओ ही ए-बीची मोडलेली आवृत्ती आहे, तेव्हा मोडण्याआधी चालू आवृत्ती असणारच. शिवाय ए आणि बी हे प्रकार आपल्यात आणि इतर वानरकुळात समान आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा फरक निदान २ कोटी वर्षांपासून टिकून आहे. शेती सुरू होऊन जेमतेम १० हजार वर्षं झाली. शेतीमुळे ए गट आला म्हणणं कालगणनेतच बसत नाही.

एक गोष्ट मात्र या मांडणीच्या बाजूने सांगायला हवी. हे प्रतिजन फक्त रक्तात नसतात. सुमारे ८० टक्के लोकांच्या लाळेत आणि आतड्याच्या श्लेष्म्यातही ते स्रवतात (ते ठरवणारं जनुक वेगळं, १९व्या गुणसूत्रावर). म्हणजे आतड्यात गटागटानुसार काहीतरी वेगळं घडू शकेल, हा विचार मुळात खुळा नाही. त्यावरून काढलेली यादी खुळी आहे.

अवांतर: १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बाँबे गट नोंदवला. त्यांच्यात एचच नसतो, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसतात, पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नाही. यादीवाल्यांनी यांना कुठल्या पंगतीत बसवायचं?

---

शंकासूर

लेक्टिनचं काय? ती रक्तपेशींच्या गुठळ्या करतात हे तर प्रयोगशाळेत दिसतं ना?

---

तांबडी पेशी

दिसतं, आणि रक्तपेढीत ते रोज वापरलंही जातं. कुळथाच्या बियांच्या अर्कातलं लेक्टिन ए गटाचे ए-१ आणि ए-२ हे उपगट वेगळे करायला वापरतात. अर्क योग्य प्रमाणात पातळ करावा लागतो. दाट राहिला तर तो ए-२ पेशींच्याही गुठळ्या करतो आणि निकाल चुकतो. युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांतलं लेक्टिन एच प्रतिजन ओळखतं.

पण अशी गट ओळखणारी लेक्टिनं थोडीच आहेत. याद्यांमधले पदार्थ तपासू:

राजम्यातलं लेक्टिन सगळ्या गटांच्या पेशींच्या गुठळ्या करतं. ओ, ए, बी, काही बघत नाही.
गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन एन-अ‍ॅसिटाइल-ग्लुकोसामाइन आणि सायलिक आम्लाला चिकटतं. ही दोन्ही सगळ्या गटांत असतात.
शेंगदाण्यातलं लेक्टिन 'टी' प्रतिजनाला चिकटतं, जो निरोगी पेशीवर झाकलेला असतो आणि ज्याचा एबीओ गटाशी संबंध नाही. तरी शेंगदाणे बंद कुणाला, तर बी गटाला.
सोयाबीनमधलं लेक्टिन एन-अ‍ॅसिटाइल-गॅलॅक्टोसामाइनला चिकटतं, म्हणजे नेमकं ए गटाच्या ओळखीच्या साखरेला. यादीच्याच तर्काने सोयाबीन ए गटाला सर्वांत आधी बंद व्हायला हवं. ते त्यांना मुक्तहस्ते दिलेलं आहे!

आणि हे सगळं कच्च्या बियांच्या अर्काबद्दल, काचपट्टीवर. आपण काचपट्टी खात नाही.

---

ताटवाटी

शिजवण्याचं मी लिहिते, कारण लेक्टिनचा खरा धोका तिथेच आहे आणि तो सगळ्या गटांना सारखा आहे.

कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन या लेक्टिनची २०,००० ते ७०,००० एककं असतात, नीट शिजलेल्यात २०० ते ४००. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. १ ते ३ तासांत जोरदार मळमळ, उलट्या, मग जुलाब.

राजमा निदान ५ तास भिजवा, रात्रभर उत्तम. ते पाणी ओतून टाका. नव्या पाण्यात घालून खळखळ उकळी आणा आणि उकळी आल्यापासून निदान १० मिनिटं, सावधगिरी म्हणून ३० मिनिटं, तशीच ठेवा. मग मऊ होईपर्यंत शिजवा. प्रेशर कुकरमध्ये हे तापमान सहज गाठलं जातं, तिथे चिंता नाही.

चूक होते ती मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये. त्यात आतलं तापमान ८० अंशांच्या आसपास राहू शकतं. दाणा मऊ लागतो पण लेक्टिन मरत नाही. अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. तसं भांडं वापरायचंच असेल तर आधी बाहेर उकळून घ्या आणि मग त्यात घाला. डबाबंद राजमा कारखान्यातच पूर्ण शिजलेला असतो.

---

जिरेपूड

शास्त्र मान्य. पण यादी पाळणाऱ्यांचं वजन उतरतं, रक्तदाब उतरतो, हेही खरंच आहे. इतके लोक उगाच सांगत नाहीत.

---

आकडेमोड

उगाच सांगत नाहीत. फरक पडतो. प्रश्न आहे तो कशामुळे.

यावरचे अभ्यास कालक्रमाने:

२०१३: उपलब्ध सगळ्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा. १,४१५ संदर्भ चाळले, निकषांत बसला फक्त एक अभ्यास. निष्कर्ष: रक्तगटानुसार आहाराच्या फायद्याला पुरावा नाही.

२०१४: टोरांटोतले १,४५५ तरुण. प्रत्येकाचं खाणं चारही याद्यांशी किती जुळतं याला गुण दिले आणि मग रक्तगट पाहिला. ए यादीच्या जवळ खाणाऱ्यांचं वजन, कंबर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, इन्सुलिन कमी. एबी यादीवाल्यांचंही बरंचसं चांगलं. ओ यादीवाल्यांचे ट्रायग्लिसराइड कमी. आणि हे फायदे खाणाऱ्याचा रक्तगट कोणताही असला तरी तेवढेच! ओ गटाच्या माणसाने ए यादी पाळली तरी त्याला ए यादीचा फायदा.

२०१८: त्याच गटाच्या संशोधकांनी ९७३ जास्त वजनाच्या प्रौढांत तेच पुन्हा तपासलं. रक्तगटाने काही फरक पडला नाही.

२०२१: कमी चरबीच्या संपूर्ण वनस्पतीजन्य आहाराची १६ आठवड्यांची चाचणी. आहार बदललेल्या ६८ जणांत ए विरुद्ध बाकीचे, ओ विरुद्ध बाकीचे, असं पाहिलं. वजन, चरबी, साखर, कोलेस्टेरॉल, कशातच फरक नाही. यादीनुसार ओ गटाला हा आहार बाधायला हवा होता.

पहिल्या आठवड्यातल्या घसरणीचं वेगळं कारण आहे. ओ यादीत धान्यं कमी झाली की शरीरातला ग्लायकोजनचा (साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा रिकामा होतो. प्रौढ माणसात तो ४००-५०० ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. म्हणजे दीड-दोन किलो वजन चरबीला हातही न लावता उतरतं आणि भात-पोळी सुरू झाली की परत येतं. त्या वजनावर कुणी 'माझ्या गटाला गहू चालत नाही' असा निष्कर्ष काढला तर तो गव्हावर अन्याय आहे.

राहिलेला फायदा सरळ आहे. चारही याद्यांत भाज्या वाढतात, साखर-मैदा आणि तयार पाकिटं कमी होतात.

---

जिरेपूड

मग यादी पाळायला हरकत काय? निवड कमी झाली की पथ्य पाळणं सोपं जातं. 'कमी खा, संतुलित खा' यावर कुणी चालत नाही. 'हे बंद, ते चालू' यावर चालतात.

---

ताटवाटी

हा मुद्दा खरा आहे आणि तो उडवून लावू नये. पण कुठलीही ठाम यादी हेच काम करेल. रक्तगटाच्या यादीची अडचण अशी की ती चुकीच्या माणसाला चुकीचा पदार्थ बंद करते आणि त्याच्या जागी काय घ्यायचं ते लोक वाचत नाहीत.

ओ यादी. दूध बंद झालं की कॅल्शियम कोसळतं. प्रौढाला रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम लागतं. अर्धा लिटर दुधातून त्यातलं ६०० येतं. ते बंद करणार असाल तर आधी ६००ची सोय लावा. काट्यासकट खाता येणारे छोटे मासे, कॅल्शियमचा क्षार घालून बनवलेला टोफू (वेष्टनावर बघा, सगळे तसे नसतात), सालासकट तीळ. मोठा चमचाभर, म्हणजे ९ ग्रॅम तिळात ८५-९० मिलिग्रॅम असतं, तेव्हा नुसत्या तिळावर भागणार नाही. पालकावर तर अजिबात विसंबू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे जेमतेम ५ टक्के कॅल्शियम अंगी लागतं. पालेभाजी अचानक वाढवण्याचा आणखी एक घोळ: वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांत व्हिटॅमिन के वाढून औषधाचा परिणाम उतरतो. मूत्रपिंडाचा आजार किंवा युरिक आम्लाचा त्रास असलेल्यांनी मांसाचं प्रमाण वाढवणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

ए यादी. चौघींत हीच सर्वांत कमी उपद्रवी. पण दूध आणि मांस दोन्ही बंद केलं आणि मासे-अंडीही घेतली नाहीत तर बी-१२ कुठून येणार? रोजची गरज २ मायक्रोग्रॅमच्या थोडी वर, म्हणजे कणभर, पण वनस्पतीजन्य अन्नात बी-१२ मिळतच नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. त्यातही भाज्यांमधून फोलेट भरपूर मिळत असेल तर रक्तक्षय झाकला जातो आणि पहिली तक्रार थेट नसांची येते: पायाला मुंग्या, तोल जाणं. गोळी किंवा बी-१२ घातलेलं अन्न पहिल्या दिवसापासून हवं. लोहासाठी जेवणात काहीतरी आंबट ताजं घ्या आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा.

बी यादी. 'तुमचा गट बी, दूध प्या' हा सल्ला दूध न पचणाऱ्याला दिला तर पोट फुगणारच. दूध पचणं लॅक्टेज या विकरावर अवलंबून असतं आणि प्रौढपणी ते चालू राहतं की नाही ते २ऱ्या गुणसूत्रावर ठरतं. रक्तगट ९व्यावर. दोघांची गाठ नाही.

एबीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. खारवलेलं मांस आणि मद्य कमी करा हे कुणालाही सांगता येईल.

---

आकडेमोड

ताटवाटी यांच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती. आहार आणि जनुकांचा पक्का संबंध असलेली उदाहरणं आहेतच. जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्यांना फाबा बीन खाऊन तांबड्या पेशी फुटण्याचा धोका. फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात आजारात फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल नीट मोडलं जात नाही, म्हणून ते जन्मापासून मोजून. हे सगळं रक्तगटाच्या चिठ्ठीवरून कळत नाही.

---

शंकासूर

म्हणजे रक्तगटाचा आरोग्याशी संबंधच नाही?

---

तांबडी पेशी

आहे, आणि चांगला अभ्यासलेला आहे. फक्त ताटात नाही.

ओ गटात व्हॉन विलब्रांड घटक (रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन) सरासरी २५ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे ओ सोडून बाकीच्या गटांत शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त, हृदयविकाराचाही थोडा जास्त. उलट, रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी हा घटक तपासताना ओ गटात आकडा थोडा कमी आला म्हणून लगेच आजाराचं लेबल लावू नये. ओ गटात पक्वाशयाचे (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे) व्रण जास्त आढळतात, ए गटात जठराचा कर्करोग थोडा जास्त. ओ गटात कॉलरा झालाच तर तीव्र होतो, गंभीर मलेरियापासून मात्र थोडं संरक्षण. हे गट लाखो वर्षं टिकून राहिले त्यामागे जंतूंशी झालेली ही झटापट असावी, असं मानलं जातं.

आहाराच्या जवळ जाणारी एकच गोष्ट: ओ आणि बी गटाच्या, प्रतिजन स्रवणाऱ्या लोकांत स्निग्ध जेवणानंतर रक्तातलं आतड्याचं अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढतं. यादीवाले यावरून 'ओ गटाला मांस पचतं' म्हणतात. त्यातून पचन चांगलं होतं असं सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते इतकंच, की ही तपासणी उपाशीपोटी करावी. नाहीतर आकडा चढलेला दिसतो आणि यकृताच्या नावाने पुढच्या तपासण्या मागे लागतात.

---

मोजूनमापून

व्यायामाबद्दल कुणीच लिहिलं नाही. आणि स्वभावाबद्दलही विचारणा आली आहे.

---

ताटवाटी

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सगळ्या प्रौढांना एकच: आठवड्याला १५०-३०० मिनिटं मध्यम किंवा ७५-१५० मिनिटं जोरकस हालचाल, आणि आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. ए गटाला 'शांत व्यायामच करा' सांगण्याचा तोटा असा की हा शेवटचा भाग सुटतो आणि चाळिशीनंतर स्नायू-हाडांना त्याचीच गरज असते. ओ गटाला एकदम धावायला लावलं तर गुडघे बोलतात. कुणीही आधी वेळ वाढवावा, मग जोर.

---

आकडेमोड

स्वभावाचं खूळ जपानचं. फुरुकावा ताकेजी यांनी १९२७ साली ते मांडलं, नोमी मासाहिको यांनी १९७१ पासून पुस्तकांतून घरोघरी नेलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात जपान आणि अमेरिकेतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली. रक्तगटाशी संबंध दिसला नाही.

ज्यांना यादी आजमावून बघायचीच आहे, त्यांनी निदान अशी आजमावा की उत्तर मिळेल.

आधी रक्तगट खात्रीने माहीत हवा. जुन्या ओळखपत्रावरचा नको. प्रयोगशाळेतून पेशी आणि रक्तद्रव दोन्ही बाजूंनी तपासलेला.
मग ६ आठवडे स्वतःच्या गटाची यादी, त्यानंतर ६ आठवडे दुसऱ्या गटाची. एकूण खाणं, झोप आणि व्यायाम तोच. दुसरी यादी हाच सगळा मुद्दा आहे. ती न पाळता फक्त 'आधी आणि नंतर' मोजलं तर रक्तगटाबद्दल काहीच कळत नाही. ६ आठवडे का? रक्तातली चरबी नव्या आहारावर स्थिरावायला ४ ते ६ लागतात.
वजन रोज सकाळी, शौचानंतर, आणि तुलना आठवड्याच्या सरासरीची.
कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून.
रक्तदाब ५ मिनिटं टेकून बसल्यावर, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा.
लिपिड आणि साखर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी, एकाच प्रयोगशाळेत.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असलेल्यांनी धान्यं स्वतःहून बंद करू नयेत. डोस तोच आणि कर्बोदकं कमी म्हणजे साखर धोकादायक खाली जाते. गरोदर स्त्रिया, वाढीची मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी हा प्रयोग करूच नये.

---

शंकासूर

शेवटचं एक. ओ यादीमुळे गहू आधीच बंद आहे, पोट खरंच सुधारलंय, आणि आता सीलिएकची (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) तपासणी करायची आहे. अशा माणसाने काय करावं?

---

ताटवाटी

गहू बंद ठेवून टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) रक्ततपासणी केली तर सीलिएक असूनही ती नकारात्मक येऊ शकते. ग्लुटेन नसताना प्रतिपिंड उतरतात. तपासणीआधी निदान ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असावं लागतं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा, कारण त्रास उफाळू शकतो. सोबत एकूण आयजीएही मोजून घ्या. तेच मुळात कमी असेल तर ही चाचणी निरुपयोगी ठरते.

गहू पुन्हा सुरू करणं सोसत नसेल तर आधी एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकीय तपासणी करा. ती आहारावर अवलंबून नाही. दोन्ही नसतील तर सीलिएक जवळजवळ बाद. असतील तर मात्र आजार आहेच असं नाही, तेव्हा पुढे गहू खाऊन तपासणी करावीच लागेल. सीलिएक बाद झाल्यावरही पोट गव्हाने बिघडत असेल तर त्यातल्या फ्रुक्टान या कर्बोदकांचा संशय घ्या. कांदा-लसणातही ती असतात, त्यामुळे ते दोन्ही दोन आठवडे बंद करून मग एकेक परत आणलं की पुष्कळ उलगडतं.